पाणबुडी खाली जाते ते कळलं, पण मधेच थांबते कशी?

पिंपळपान

नमस्कार मंडळी. दिवाळीच्या सुट्टीत विशाखापट्टणमला जाऊन आलो. तिथे रामकृष्ण बीचवर आयएनएस कुरसुरा ही आपल्या नौदलाची जुनी पाणबुडी वाळूवर आणून ठेवलीय, तिकीट काढून आतून बघता येते. १९६९ ते २००१ इतकी वर्षं नौदलात होती. ९१ मीटर लांब, पण आत शिरल्यावर एवढी लांब असेल असं वाटतच नाही, दोन्ही बाजूंनी पाईप, चाकं, व्हॉल्व्ह, आणि मधून एक माणूस जेमतेम जाईल एवढी वाट. एका कप्प्यातून दुसऱ्यात जायला गोल भोकातून पाय आधी घालून जावं लागतं. माझ्या सासूबाईंनी पण ते केलं, वय ६८, मला फार कौतुक वाटलं त्यांचं.

तर मुद्दा असा की माझी लेक आहे सहावीत. तिथल्या गाईडकाकांनी सांगितलं की टाक्यांमध्ये पाणी भरलं की पाणबुडी खाली जाते आणि हवेने पाणी बाहेर ढकललं की वर येते. सगळ्यांनी माना डोलावल्या, आम्ही पुढे निघालो, तर ही तिथेच उभी. म्हणाली, आई, पण पाणबुडी जड झाली म्हणून खाली गेली ना, मग तळापर्यंत का नाही जात, मधेच कशी थांबते? मला उत्तर देता आलं नाही. घरी आल्यावर तिने बाटलीतला प्रयोग केला, प्लास्टिकच्या बाटलीत पाणी भरून त्यात औषधाचा ड्रॉपर सोडायचा, झाकण लावून बाटली दाबली की ड्रॉपर खाली जातो, सोडली की वर येतो. तो छान जमला, पण ड्रॉपर मधे थांबवायला ती दोन दिवस बसलीय आणि तो थांबत नाहीये. एकतर वर नाहीतर खाली. कुणाला नीट माहिती असेल तर सांगा प्लीज, सोप्या भाषेत सांगितलंत तर मी तिला वाचून दाखवेन.

कंपासपेटी

ताई, लेकीला शाबासकी सांगा. मी शाळेत विज्ञान शिकवतो, हा प्रश्न वर्गात क्वचितच कुणी विचारतं.

पायापासून सांगतो. वस्तू पाण्यात गेली की ती स्वतःच्या आकाराएवढं पाणी बाजूला सारते आणि त्या बाजूला सारलेल्या पाण्याच्या वजनाएवढा जोर तिला वर ढकलतो, हे आर्किमिडीजचं तत्त्व. वजन त्या जोरापेक्षा कमी असलं तर वस्तू तरंगते, जास्त असलं तर बुडते, बरोबर तेवढंच असलं तर जिथे सोडाल तिथे राहते. पाणबुडीचा आकार तसा बदलत नाही, म्हणून वजन बदलायचं. तुम्ही बघितलेली कुरसुरा ज्या जातीची होती तिला फॉक्सट्रॉट म्हणतात, ती पृष्ठभागावर असताना साधारण १९५० टन आणि पाण्याखाली २४७५ टन. मधला फरक सव्वापाचशे टनांचा, तेवढं समुद्राचं पाणी तिच्या टाक्यांमध्ये शिरतं.

आणि हे पाणी पंपाने भरत नाहीत बरं का. टाक्यांना खाली भोकं असतात आणि वर झडपा. झडपा बंद असल्या की आतली हवा अडकून राहते म्हणून पाणी खालून आत येऊ शकत नाही, ग्लास उलटा करून बादलीत दाबतो ना तसं. झडप उघडली की हवा वरून फुस्सकन निघून जाते आणि पाणी खालून आपोआप चढतं. वर यायचं असेल तर झडपा बंद करून दाबून साठवलेली हवा टाकीत सोडायची, ती पाण्याला खालच्या भोकांतून बाहेर हाकलते.

मधे थांबायचं म्हणजे वजन आणि जोर सारखे ठेवायचे, तत्त्व इतकंच. ते प्रत्यक्षात कसं साधतात हे नौदलातल्या कुणीतरी सांगितलं तर मलाही वाचायला आवडेल.

अबोली_रत्नागिरी

वाचतेय. फार छान धागा.

सुकाणू

सर, तुम्ही छान लिहिलंय, त्यात थोडी भर घालतो. मी फॉक्सट्रॉट बोटींवर होतो, इलेक्ट्रिकल ब्रँचला, बरीच वर्षं. आम्ही पाणबुडीला बोटच म्हणतो.

सरांनी सांगितल्या त्या मुख्य बॅलास्टच्या टाक्या. मधे थांबण्यासाठी त्या वापरतच नाहीत. लोकांना वाटतं की अर्ध्या भरल्या की बोट अर्ध्यात थांबते, तसं अजिबात नाही. त्या एकतर पूर्ण भरलेल्या, नाहीतर पूर्ण रिकाम्या. अर्धवट भरली तर आत हवा राहणार आणि बोट जसजशी खाली जाईल तसतसा दाब वाढून ती हवा आकसणार, म्हणजे अजून पाणी आत येणार, बोट अजून जड होणार. छोटीच्या ड्रॉपरमध्ये नेमकं हेच होतंय, तिला सांगा की तिचं काही चुकत नाहीये.

मधे राहायचं काम ट्रिमच्या, म्हणजे वजन आणि तोल नेमका जुळवायच्या, टाक्या करतात. त्या लहान असतात, आतल्या बाजूला, पुढे एक मागे एक आणि मधे भरपाईच्या टाक्या. त्यातलं पाणी पंपाने आत-बाहेर, पुढे-मागे करता येतं, लिटरच्या हिशेबात. मोठ्या टाक्यांनी बोट पाण्याखाली जायच्या लायक होते आणि या छोट्या टाक्यांनी ती नेमकी पाण्याएवढी जड होते. आणि हा हिशेब एकदा करून मोकळं होता येत नाही. बंदरातून निघण्याआधी कागदावर सगळं मांडायचं, डिझेल किती भरलं, गोडं पाणी किती, तांदूळ पीठ बटाटे किती, टॉर्पेडो किती (फॉक्सट्रॉटवर २२ असायचे), माणसं किती. बाहेर पडलं की पहिली डुबकी ट्रिमसाठीच घ्यायची, सावकाश खाली जाऊन बघायचं की बोट जड आहे का हलकी, पुढून झुकते का मागून, आणि मग पाणी हलवायचं.

त्यानंतर रोज वजन बदलत राहतं. डिझेल जळलं की बोट हलकी व्हायला हवी ना? उलट जड होते. कारण डिझेलच्या टाकीत रिकामी जागा ठेवत नाहीत, जेवढं तेल वापरलं तेवढं समुद्राचं पाणी खालून टाकीत येतं, आणि ते पाणी तेलापेक्षा जड. मला पहिल्यांदा हे कळलं तेव्हा मी कितीतरी वेळ तोच विचार करत होतो. टॉर्पेडो सोडला की पुढचं टोक एकदम हलकं होणार, त्याच्या वजनाचं पाणी लगेच आत घ्यायचं. कचरा बाहेर टाकला, हिशेब. आठ-दहा जण जेवायला एकदम पुढून मागे गेले तरी प्लेन्सवर बसलेल्याला हाताला जाणवतं.

प्लेन्स म्हणजे आडवे पंख, पुढे दोन मागे दोन, माशाच्या परासारखे. बोट चालत असली की ते थोडे तिरके करून पाण्याच्या जोरावर वर-खाली जाता येतं, म्हणजे पाण्यात विमान उडवल्यासारखं. ट्रिम थोडी चुकली असेल तर चालत्या बोटीत पंख ती सांभाळून घेतात. पण शत्रूला आवाज जाऊ नये म्हणून वेग अगदी कमी केला, दोन-तीन नॉटवर (ताशी चार-पाच किलोमीटर) आणला, की पंखांना पकड राहत नाही आणि तेव्हा ट्रिमचं खरं-खोटं बाहेर येतं.

आता छोटीच्या मूळ प्रश्नाकडे. सर म्हणाले की आकार बदलत नाही, पण सर, बदलतो. थोडा, पण बदलतो. दर १० मीटरला दाब एका वातावरणाएवढा वाढतो, २५० मीटरवर दर चौरस मीटरवर साधारण २५० टनांचा भार. बोटीचं पोलाद त्याने आत दाबलं जातं. आमच्याकडे नवीन पोरांना दाखवायला बोटीच्या आत या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत दोरी ताणून बांधायचे, खाली गेल्यावर तीच दोरी मधे झोळ पडून लोंबायला लागते, कारण दोन्ही भिंती जवळ आलेल्या असतात. मी ती दोरी पहिल्यांदा बघितली तेव्हा गप्प झालो होतो. तर आकार कमी झाला म्हणजे बाजूला सारलेलं पाणी कमी झालं, म्हणजे वर ढकलणारा जोर कमी झाला. ६० मीटरवर बरोबर जुळवलेली बोट १५० मीटरवर जड असते, आणि तशीच सोडली तर अजून खाली आणि अजून जड. म्हणून मधे आपोआप थांबणं असं काही नसतंच ताई. कुणीतरी सतत थांबवत असतं, चोवीस तास, पाळीपाळीने.

कंपासपेटी

सुकाणू काका, मनापासून आभार. "आकार बदलत नाही" हे मी गेली कित्येक वर्षं वर्गात सांगत आलो, आता सोमवारी दोरीची गोष्ट सांगणार.

पिंपळपान

काका, तिला तुमचा प्रतिसाद दोनदा वाचून दाखवला. डिझेल जळून बोट जड होते हे ऐकून तिने वहीत लिहून घेतलं. आता तिचे अजून दोन प्रश्न आलेत. एक, पाणबुडी वरून जास्त जोरात पळते का खालून? दोन, गोल आहे तर पाण्यात उलटी का होत नाही?

आडवाट

पहिल्याचं मी लिहितो, पाणबुड्यांचा इतिहास हा माझा आवडीचा विषय आहे.

उत्तर काळावर अवलंबून आहे आणि त्यातच सगळी गंमत आहे. दुसऱ्या महायुद्धातल्या जर्मन पाणबुड्या घ्या, त्यांची सगळ्यात जास्त संख्येने बांधली गेलेली जात टाईप सात-सी. ती वरून १७.७ नॉट जायची म्हणजे ताशी ३३ किलोमीटरच्या आसपास, आणि पाण्याखाली फक्त ७.६ नॉट. आणि पाण्याखाली ४ नॉटने गेली तरी जेमतेम ८० सागरी मैल, म्हणजे २० तासांत बॅटरी संपली. कारण डिझेल इंजिनाला हवा लागते, ती पाण्याखाली नाही, म्हणून खाली फक्त बॅटरीवर मोटर चालवायची. खरं सांगायचं तर त्या पाणबुड्या नव्हत्याच, ती जहाजं होती जी गरज पडली की थोडा वेळ बुडी मारायची. प्रवास सगळा वरून, बहुतेक रात्रीचा. त्यांचे फोटो बघा, पुढचं टोक जहाजासारखं टोकदार, वर चालायला डेक, कारण लाटा कापत जायच्या होत्या.

मग विमानांवर रडार आलं आणि रात्रीचा अंधारही उपयोगाचा राहिला नाही. तेव्हा जर्मनांनी श्वासनळी बसवली, स्नॉर्कल, मूळ कल्पना १९३० च्या दशकातली डच नौदलाची. पाण्याखाली दहा-बारा मीटरवर राहून नळी तेवढी वर काढायची आणि इंजिन चालवायचं. युद्धाच्या शेवटी टाईप एकवीस आली, ती वरून १५.६ आणि खालून १७.२ नॉट, म्हणजे उलटं झालं. बॅटऱ्या कितीतरी वाढवल्या आणि बाहेरचा सगळा पसारा काढून अंग गुळगुळीत केलं.

वरच्यापेक्षा खाली जोरात कसं जाता येतं? जहाज पृष्ठभागावर चाललं की लाटा उठवतं, आणि इंजिनाची बरीचशी ताकद त्या लाटा उठवण्यातच जाते. खोल पाण्यात लाटा उठतच नाहीत, तिथे फक्त पाण्याचं घर्षण आणि अंगाचा आकार. मासे आणि देवमासे तसे गोलसर असतात ते उगाच नाही. अमेरिकेने १९५३ मध्ये आल्बाकोर नावाची प्रयोगाची पाणबुडी नौदलात आणली, तिचा आकार पाण्याच्या थेंबासारखा, आणि मग पुढच्या सगळ्यांनी तोच मार्ग धरला. अमेरिकेचीच नॉटिलस १७ जानेवारी १९५५ ला अणुशक्तीवर निघाली, तिला हवा लागतच नव्हती, १९५८ मध्ये ती उत्तर ध्रुवाच्या बर्फाखालून गेली. १९६० मध्ये ट्रायटनने पाण्याखालून पृथ्वीला फेरी मारली, साधारण दोन महिन्यांत.

आता आपल्याकडचे दोन आकडे शेजारी ठेवा, मला हे फार आवडतं. जुनी कुरसुरा वरून १६ नॉट, खालून १५ च्या आसपास. माझगावला बांधलेली नवीन कलवरी वरून ११, खालून २०. तुमच्या लेकीला सांगा की पाणबुडी वर-खाली किती पळते हे कळलं की तिचा जन्म कुठल्या काळातला ते ओळखता येतं.

सुकाणू

आडवाट यांनी छान लिहिलंय. स्नॉर्कलला आम्ही स्नॉर्ट म्हणायचो. त्याचं एक सांगतो, नळीच्या तोंडावर झडप असते, लाट आली की ती पटकन बंद होते म्हणजे पाणी आत येत नाही. पण इंजिन तर चालूच असतं, त्याला हवा हवी, ते बोटीच्या आतली हवा खेचायला लागतं आणि सगळ्यांच्या कानांना दडे बसतात. खवळलेल्या समुद्रात स्नॉर्ट चालू असताना झोप म्हणजे दर मिनिटाला कान बंद, कान मोकळे. आणि बॅटरी चार्ज होताना हायड्रोजन वायू निघतो, त्याच्यावर नजर ठेवायची ड्युटी माझ्यासारख्यांची. तिथे निष्काळजीपणाला जागाच नाही.

उलटी का होत नाही. वजनाचा मध्य आणि वर ढकलणाऱ्या जोराचा मध्य असे दोन बिंदू असतात. पाण्याखाली वजनाचा मध्य खालीच हवा, म्हणून बॅटऱ्या अगदी तळाशी. कंदील वरून टांगलेला असतो तशी बोट स्वतःला सरळ ठेवते. सगळ्यात नाजूक वेळ असते ती वरून खाली जाताना किंवा खालून वर येतानाची, तेव्हा हे दोन बिंदू एकमेकांच्या जवळून जातात आणि बोट थोडा वेळ ढिली पडते. म्हणून खराब हवेत ती वेळ लवकर संपवायची.

वर असताना मात्र आम्ही भरपूर डोलायचो. गोल अंग, खाली जहाजासारखा कणा नाही. नव्या पोरांना वर उलट्या व्हायच्या आणि खाली गेल्यावर एकदम शांत. लाट जितकी लांब त्याच्या निम्म्या खोलीवर ती जवळजवळ संपते, १०० मीटर लांबीची लाट असली तर ५० मीटरवर काही जाणवत नाही. वर वादळ असताना खाली ग्लासातला चहा हलत नाही, हे मी स्वतः अनुभवलंय.

गोदीकर

माझ्या वडिलांनी आणि मी मिळून या मुंबईच्या गोद्यांमध्ये पन्नास वर्षं काढली, म्हणून दोन शब्द. मी वेल्डर.

पाणबुडीचं पोलादी अंग आतून गोल हवं, आणि गोल म्हणजे अगदी गोल. दोरी लोंबते असं काकांनी लिहिलंय, तो दाब सगळीकडून सारखा येतो, म्हणून गोल आकारच तो पेलू शकतो. कुठे थोडं चेपलेलं असेल तर सगळा भार तिथे जमतो आणि तिथूनच घडी पडते. म्हणून प्रत्येक सांधा एक्स-रे काढून तपासतात, आत केसाएवढी भेग किंवा हवेचा बुडबुडा राहिला तर तो सांधा खोदून काढून परत करायचा. किती वेळ लागतो, विचारू नका. पण त्या सांध्याच्या मागे माणसं झोपणार आहेत हे डोक्यात असतं.

आडवाट यांनी कलवरीचं नाव घेतलं. तिच्या बॅटरीत ३६० सेल आहेत आणि एकेक सेल ७५० किलोचा. म्हणजे २७० टन नुसती बॅटरी, १७७५ टनांच्या बोटीत. त्याच जातीची दुसरी पाणबुडी खांदेरी, आपल्या महाराजांनी अलिबागसमोर ज्या बेटावर किल्ला बांधला त्याचं नाव. १२ जानेवारी २०१७ ला तिचं जलावतरण झालं त्या दिवशी आमच्या चाळीत पेढे वाटले होते.

थळचा_दर्या

खांदेरीचं नाव आलं म्हणून लिहितो, आमच्या थळच्या किनाऱ्यावरून तो किल्ला रोज समोर दिसतो. आमच्या होड्या मासेमारीला बाहेर जातात तेव्हा कधीतरी लांबवर पाणबुडी दिसते, पाण्याच्या वर काळी पाठ आणि मधे उभा भाग. पण ती कायम वरच असते, बुडी मारताना कुणी बघितली नाही. असं का? इथे बुडत नाहीत का त्या?

सुकाणू

दादा, बरोबर बघितलंत तुम्ही लोकांनी. मुंबईसमोर समुद्राचा तळ फार लांबपर्यंत उथळ आहे, शेकडो किलोमीटर गेलं तरी २०० मीटर खोली मिळत नाही. तुमच्या किनाऱ्याजवळ तर बोटीच्या उंचीचा विचार केला तर खाली जागाच नाही, वर जहाजांची वर्दळ, तुमची जाळी. म्हणून वरूनच बाहेर जायचं. विशाखापट्टणमला तसं नाही, तिथे बंदरातून निघालं की तळ लवकर खोल जातो.

आणि दर्यावरची माणसं आहात म्हणून तुम्हाला हे पटेल, पाणी सगळीकडे सारखं नसतं. अरबी समुद्राचं पाणी जास्त खारं, बंगालच्या उपसागराच्या वरच्या भागात गंगा-ब्रह्मपुत्रेचं गोडं पाणी मिसळतं म्हणून ते हलकं. मुंबईला जुळवलेली बोट तिकडे गेली की जड पडते, आमच्या एवढ्या बोटीला सात-आठ टनांचा फरक सहज. पावसाळ्यात नदीच्या मुखासमोर तर अजूनच. कधी उलटंही होतं, खाली थंड आणि जड पाण्याचा थर लागतो आणि बोट त्याच्यावर टेकल्यासारखी राहते, गादीवर टेकावं तशी. कुणी मधे आपोआप थांबतं का विचारलं तर तेवढी एक जागा आहे. ती मिळाली की पंप बंद ठेवता येतो आणि सगळीकडे शांत होतं. रात्रीच्या पाळीला अशी जागा सापडली की आमचा चीफ हळूच म्हणायचा, बसली.

अबोली_रत्नागिरी

काका, एक विचारू? वर यायच्या टाक्यांची हवा संपली किंवा अडकली तर?

सुकाणू

विचार ना. त्यासाठी हवा बऱ्याच बाटल्यांमध्ये वेगवेगळी ठेवतात आणि वेगात असलं तर पंखांच्या जोरावरही वर येता येतं. पण ते दोन्ही एकाच वेळी हातातून गेलं तर वाईट. १० एप्रिल १९६३ ला अमेरिकेची थ्रेशर गेली, १२९ माणसं. चौकशीतला अंदाज असा की खोलीवर असताना तिचा रिॲक्टर (अणुभट्टी) बंद पडला, आणि टाक्यांमध्ये हवा सोडली तर नळ्यांमध्ये बर्फ धरला, हवेतली ओल गोठून. त्यानंतर अमेरिकेने ती हवा कोरडी ठेवण्याचे नियम कडक केले. आमच्या ट्रेनिंगमध्ये हे शिकवताना वर्गात कुणी बोलत नव्हतं. आपल्याकडे २०१८ पासून बचावासाठी खोल जाणारं यान आहे, ६५० मीटरपर्यंत जाऊन माणसं काढू शकतं. आम्ही होतो तेव्हा नव्हतं.

पिंपळपान

सगळ्यांचे खूप खूप आभार. काल रविवार होता, लेकीने नवीन प्रयोग केला आणि तो तुम्हाला सांगायलाच पाहिजे असं म्हणाली. गच्चीवरचं पाण्याचं निळं पिंप घेतलं, कमरेच्या वरपर्यंत येतं एवढं उंच. ड्रॉपरमध्ये पाणी इतकं भरलं की तो अगदी जेमतेम तरंगेल. मग तारेच्या टोकाने तो हळूहळू खाली ढकलायचा आणि सोडायचा. थोडा ढकलला की वर येतो. अजून थोडा, वर येतो. आणि एका ठिकाणानंतर सोडला तर वर येतच नाही, आपला आपण तळाला जातो, कुणी हातही न लावता. आतली हवा तिथल्या दाबाने आकसते ना, काकांनी सांगितलेली बोट तशीच. ती किंचाळलीच. तारेवर दोरा बांधून खूण केली, दोन वीत आणि चार बोटं.

मग थळच्या दादांना काकांनी दिलेलं उत्तर आठवून पिंपात दोन मुठी मीठ टाकलं, ढवळलं आणि परत मोजलं. खूण तीन बोटं खाली गेली. आता ती म्हणतेय की पुढच्या रविवारी बर्फ टाकून बघायचं.